अणुरचनेचा मणी-पाटी संच: अरगॉनपर्यंत उत्तम, पुढे चिकटपट्टी हवी

अणूत एकूण इलेक्ट्रॉन किती आणि त्यांतले सर्वांत बाहेरच्या कवचात किती, हे दोन आकडे शिकणाऱ्यांच्या डोक्यात कायम एकमेकांत मिसळतात. वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिले जातात, परीक्षेत एकाऐवजी दुसरा उतरतो, आणि चूक कुठे झाली हे कळतच नाही. गोल पाटी, रंगीत मणी आणि मूलद्रव्यांची कार्डे असलेला अणुरचनेचा संच या गोंधळावर चांगला तोडगा काढतो. एकूण इलेक्ट्रॉनसाठी मणी मोजून घ्यायचे आणि संयुजा इलेक्ट्रॉनसाठी, म्हणजे बंधात भाग घेणाऱ्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांसाठी, बाहेरच्या वर्तुळावर पिवळी रिंग ठेवायची. प्रत्येक आकड्यासाठी हाताला वेगळे काम असल्यामुळे ते वेगळे राहतात. एवढ्यासाठी संच घेण्यासारखा आहे. पण पहिल्या १८ मूलद्रव्यांच्या पुढे त्याची पाटी आणि माहितीपुस्तिका दोन्ही चुकीच्या वाटेला नेतात, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही.

खोक्यात साधारण ३० सेंटीमीटर व्यासाची प्लास्टिकची पाटी येते. मध्ये केंद्रकासाठी वाटी, तिच्याभोवती चार वर्तुळे. वर्तुळांवर मणी बसवायचे खळगे आतून बाहेर २, ८, १८ आणि ३२ आहेत. कवचाची कमाल क्षमता काढायच्या २ गुणिले कवचाच्या क्रमांकाचा वर्ग या सूत्रातून हे आकडे आले आहेत. कवचांची नावे आतून बाहेर के, एल, एम आणि एन. मणी तीन रंगांचे आहेत, लाल प्रोटॉन ४०, करडे न्यूट्रॉन ५० आणि निळे इलेक्ट्रॉन ४०. सोबत चार मापांच्या पिवळ्या पारदर्शक रिंगा, प्रभार दाखवायला अधिक-उणे चिन्हांच्या चकत्या, आणि हायड्रोजनपासून क्रिप्टॉनपर्यंत ३६ कार्डे. कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, संज्ञा, अणुअंक आणि वस्तुमान. मागच्या बाजूला उत्तर. क्रिप्टॉनच्या सर्वांत विपुल समस्थानिकात (समस्थानिक म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेला प्रकार) ३६ प्रोटॉन आणि ४८ न्यूट्रॉन असतात, त्यामुळे मण्यांची संख्या विचारपूर्वक ठरवलेली दिसते. चार-दोन मणी हरवले तरी अडत नाही.

वापरायची रीत सोपी आहे, पण क्रम मोडू नये. फॉस्फरसचे कार्ड घेऊ. अणुअंक १५, म्हणून वाटीत १५ लाल मणी. अणुवस्तुमानांक ३१, त्यातून १५ वजा केले की १६ करडे मणी. अणू उदासीन आहे, म्हणून निळे मणीही १५. हे पंधरा मणी आधी वेगळे मोजून हातात किंवा छोट्या डबीत घ्यायचे आणि मगच पाटीवर लावायला सुरुवात करायची. डब्यातून एकेक उचलून थेट खळग्यात ठेवत गेले की मोजणी मध्येच तुटते आणि चौदा किंवा सोळा मणी लागतात. आधी मोजून घेतले असतील तर हात रिकामा झाला की काम संपले. पहिल्या वर्तुळात २, दुसऱ्यात ८, उरलेले ५ तिसऱ्यात. आता तिसऱ्या मापाची पिवळी रिंग त्या वर्तुळावर ठेवायची आणि तिच्या आतले मणी मोजायचे: ५. फॉस्फरसचे संयुजा इलेक्ट्रॉन ५.

रिंग ठेवण्याआधी एक प्रश्न आपोआप पडतो: मणी असलेले सर्वांत बाहेरचे वर्तुळ कोणते? हाच प्रश्न वहीत कुणी विचारत नाही. निऑन लावून त्यावर रिंग ठेवायला सांगा. रिंग दुसऱ्या वर्तुळावर जाते, मणी ८. आता फक्त एक लाल आणि एक निळा मणी वाढवून सोडियम करा. निळ्या मण्याला दुसऱ्या वर्तुळात जागा नाही, तो तिसऱ्यात जातो, रिंगही त्याच्यामागे बाहेर सरकते आणि तिच्यात मणी उरतो एक. एकूण इलेक्ट्रॉन १० वरून ११ झाले, संयुजा इलेक्ट्रॉन ८ वरून १ झाले. आवर्तसारणीत नवे आवर्त का सुरू होते, हे सांगायला याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणे अवघड आहे. हीच कसरत हेलियम-लिथियम आणि अरगॉन-पोटॅशियम या जोड्यांवरही करावी. फक्त शेवटच्या जोडीपाशी संच दगा देतो.

पोटॅशियमचा अणुअंक १९. माहितीपुस्तिका सांगते, "आतले वर्तुळ पूर्ण भरल्याशिवाय बाहेरच्या वर्तुळात जाऊ नका." तिसऱ्या वर्तुळात १८ खळगे आहेत. सूचना प्रामाणिकपणे पाळणारा मुलगा २, ८ लावून झाल्यावर उरलेले नऊच्या नऊ मणी तिसऱ्या वर्तुळात ठेवतो, कारण तिथे अजून नऊ खळगे मोकळे दिसतात. उत्तर येते २, ८, ९. कार्ड उलटले की मागे २, ८, ८, १. मुलाला वाटते आपण चुकलो. खरे तर त्याने पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच केले, चूक पुस्तिकेची आहे.

कारण असे की कवचाच्या आत उपकवचे असतात आणि भरण्याचा क्रम उपकवचांच्या ऊर्जेवरून ठरतो. तिसऱ्या कवचाचे १८ इलेक्ट्रॉन म्हणजे ३एस चे २, ३पी चे ६ आणि ३डी चे १०. अरगॉनपाशी ३एस आणि ३पी भरून होतात. पुढचा इलेक्ट्रॉन ३डी मध्ये जाईल असे वाटते, पण ४एस मधला इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आवरणातून केंद्रकाच्या जवळपर्यंत शिरकाव करतो, त्याला केंद्रकाचे आकर्षण अधिक जाणवते, आणि पोटॅशियम व कॅल्शियमच्या अणूंत ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी पडते. म्हणून १९ वा आणि २० वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातात. ३डी भरायला सुरुवात होते ती २१ व्या स्कँडियमपासून. याचा पुरावा रसायनाच्या टेबलावरच मिळतो. पोटॅशियम पाण्याशी सोडियमसारखीच, किंबहुना जास्त जोराची अभिक्रिया करते, एकच इलेक्ट्रॉन देते आणि आवर्तसारणीतल्या त्याच गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, बसते. बाहेर ९ इलेक्ट्रॉन असते तर असे वागले नसते.

पाटीवर ही अडचण दूर करायला एक रुंद कागदी चिकटपट्टी पुरते, ती रंगकाम करणारे कडेला लावतात तशी, जी काढताना डाग राहत नाही. तिसऱ्या वर्तुळातले सलग १० खळगे पट्टीने झाका. चौथ्या वर्तुळातले ८ खळगे मोकळे ठेवून बाकीचे २४ झाका. आता पाटीवर २, ८, ८, ८ एवढीच जागा दिसते. हायड्रोजन ते कॅल्शियम हे वीसच्या वीस अणू पुस्तिकेच्याच नियमाने बरोबर लागतात: पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २. कॅल्शियम लावून झाले की तिसऱ्या वर्तुळावरची पट्टी काढा. त्यापुढचे दहा इलेक्ट्रॉन, म्हणजे स्कँडियम ते जस्त, त्या उघडलेल्या दहा खळग्यांत जातात. ते भरले की गॅलियमपासून क्रिप्टॉनपर्यंत पुन्हा चौथे वर्तुळ. कायमची खूण हवी असेल तर तिसऱ्या वर्तुळातले २, ६ आणि १० खळगे तीन रंगांच्या मार्करने कडेला रंगवा. रंगवलेली पाटी पट्टीपेक्षा जास्त टिकते आणि उपकवचे शिकवायची वेळ येते तेव्हा तीच कामाला येते. चौथ्या वर्तुळाची पट्टी मात्र क्रिप्टॉनपर्यंत काढायची गरजच नाही. ३२ खळगे दिसत असले की क्रिप्टॉनसारखा स्थिर वायू अपुरा भरलेला वाटतो, आणि तो गैरसमज नंतर काढणे जड जाते.

स्कँडियम ते जस्त या दहा कार्डांवर संच सर्वांत कच्चा आहे. पुस्तिकेत एका ओळीत लिहिले आहे की २१ ते ३० या सर्व मूलद्रव्यांच्या शेवटच्या वर्तुळात २ इलेक्ट्रॉन असतात. दहापैकी आठांना हे लागू पडते. क्रोमियम आणि तांबे यांना नाही. क्रोमियमची रचना २, ८, १३, १ आहे, तांब्याची २, ८, १८, १. ३डी चे पाचही कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, प्रत्येकी एका इलेक्ट्रॉनने भरून ४एस मध्ये एकच ठेवणे क्रोमियमच्या अणूला कमी ऊर्जेचे पडते, तांब्यात ३डी पूर्ण दहांनी भरते. नवल म्हणजे या दोन कार्डांच्या मागचे उत्तर बरोबर छापले आहे. कार्ड एक सांगते आणि पुस्तिका दुसरेच, आणि दोन्ही एकाच खोक्यातून निघतात. अशा वेळी कार्डावर भरवसा ठेवावा.

त्याहून मोठी अडचण रिंगेची आहे. मँगनीज लावा: २, ८, १३, २. पिवळी रिंग चौथ्या वर्तुळावर, मणी २, आणि कार्डाच्या मागे "संयुजा इलेक्ट्रॉन: २". पण पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीजची ऑक्सिडीकरण अवस्था, म्हणजे त्याने बंधांत किती इलेक्ट्रॉन दिले असे धरतात तो आकडा, अधिक ७ असते. दोन इलेक्ट्रॉन असलेला अणू सातपर्यंत पोहोचला कसा, याला या पाटीपाशी उत्तर नाही. मँगनीजसारख्या संक्रमण मूलद्रव्यांत, म्हणजे ३डी भरत असलेल्यांत, ४एस सोबत अपूर्ण ३डी मधले इलेक्ट्रॉनही बंधात भाग घेतात, म्हणून तेही संयुजा इलेक्ट्रॉनांत मोजायचे असतात: स्कँडियम ३, टायटॅनियम ४, व्हॅनेडियम ५, क्रोमियम ६, मँगनीज ७, लोह ८. हे आकडे गणाच्या क्रमांकाशी जुळतात. जस्तापाशी ३डी पूर्ण भरून रसायनातून बाजूला होते, म्हणून तिथे साधारणपणे २ च मोजतात. गॅलियमचे ३, १३ नव्हे. सर्वांत बाहेरचे कवच म्हणजेच संयुजा इलेक्ट्रॉन, ही रिंगेची व्याख्या गण १, २ आणि १३ ते १८ पुरतीच खरी आहे. पुस्तिकेत हे एक वाक्य असते तर पुढचा बराच घोळ टळला असता.

लोहाच्या आयनांतही, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेल्या अणूंतही, असाच सापळा आहे. मणी लावताना ४एस आधी भरले, ३डी नंतर, त्यामुळे काढताना शेवटी लावलेला मणी आधी काढावा असे वाटते. तसे केले तर दोन धन प्रभाराचा लोह आयन २, ८, १२, २ होतो. खरी रचना २, ८, १४. ३डी मध्ये इलेक्ट्रॉन आल्यावर ऊर्जेचा क्रम बदलतो आणि बाहेरचे ४एस इलेक्ट्रॉन आधी जातात. तीन धन प्रभाराचा आयन मग २, ८, १३. पाटीवर नियम सोपा ठेवा: मणी काढायचे ते नेहमी सर्वांत बाहेरच्या वर्तुळातून, लावण्याचा क्रम काहीही असो.

कार्डांच्या छपाईत तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली क्लोरिनची. त्याच्या कार्डावर "अणुवस्तुमानांक ३५.५" छापले आहे. ३५.५ वजा १७ केले की १८.५ न्यूट्रॉन येतात, आणि अर्धा करडा मणी कुठून आणणार? ३५.५ हे निसर्गातल्या दोन समस्थानिकांचे सरासरी वस्तुमान आहे. साधारण तीन चतुर्थांश अणू वस्तुमानांक ३५ चे असतात आणि एक चतुर्थांश ३७ चे. म्हणून एका अणूत न्यूट्रॉन १८ असतील किंवा २०. तांब्याच्या कार्डावरही ६३.५ असेच आले आहे. तिथे ६३ आणि ६५ हे दोन समस्थानिक आहेत, न्यूट्रॉन ३४ किंवा ३६. दोन्ही कार्डांवर आकडा खोडून पूर्णांक लिहावा. इलेक्ट्रॉनच्या मोजणीला याने धक्का लागत नाही, कारण ती अणुअंकावर चालते. भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापांतून अणुअंकाला केंद्रकातल्या प्रभाराचा अर्थ दिला, तेव्हापासून आवर्तसारणीचा क्रमही त्यावरच ठरतो. अरगॉनचे सरासरी वस्तुमान पोटॅशियमपेक्षा जास्त असूनही तो आधी येतो तो याचमुळे. वस्तुमानाच्या आकड्यावरून इलेक्ट्रॉन मोजायची सवय लागली असेल, तर या दोन कार्डांवर ती लगेच उघडी पडते.

दुसरी गोष्ट हेलियमची. पुस्तिकेत शॉर्टकट दिला आहे की गण १३ ते १८ साठी गण क्रमांकातून १० वजा करा. बोरॉनला ३, कार्बनला ४, नायट्रोजनला ५, सगळे बरोबर. हेलियम गण १८ मध्ये, म्हणून ८? त्याच्याकडे एकूण इलेक्ट्रॉनच २ आहेत. त्याचे कवच २ नेच भरते. पाटीवर लावले की हे दिसतेच, कारण डबीत दोनच मणी असतात. शॉर्टकट पाठ करण्याआधी हेलियम एकदा हाताने लावून घ्यावा.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. कार्डाच्या मागे संयुजा इलेक्ट्रॉन आणि संयुजा हे दोन आकडे एकाखाली एक, सारख्याच ठशात छापले आहेत. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमला दोन्ही सारखे, १-१, २-२, ३-३. सिलिकॉनलाही ४-४. त्यामुळे दोन्ही एकच असल्यासारखे वाटू लागते. मग येतो ऑक्सिजन: संयुजा इलेक्ट्रॉन ६, संयुजा २. क्लोरिन ७ आणि १. निऑन ८ आणि ०. संयुजा म्हणजे अणू किती बंध करतो तो आकडा. अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायला किती इलेक्ट्रॉन द्यावे, घ्यावे किंवा वाटून घ्यावे लागतात, यावरून तो येतो. चार किंवा कमी असतील तर बहुधा तोच आकडा, जास्त असतील तर ८ मधून वजा. पाटीवर हे छान दाखवता येते: रिंगेतले मणी मोजले की संयुजा इलेक्ट्रॉन, आणि आवर्तसारणीच्या उजव्या बाजूच्या अधातूंसाठी रिंगेतले रिकामे खळगे मोजले की संयुजा. ऑक्सिजनच्या दुसऱ्या वर्तुळात दोन खळगे रिकामे दिसतात. तिसऱ्या वर्तुळासाठी मात्र पट्टी लावलेली असायलाच हवी. नाहीतर सल्फरचे १२ खळगे रिकामे दिसतील आणि संयुजा १२ निघेल. फॉस्फरसच्या कार्डावर संयुजा फक्त ३ दिली आहे. पेंटाक्लोराइडमध्ये ती ५ असते आणि सल्फरची २, ४ व ६ अशी बदलते. पुढच्या इयत्तांसाठी या कार्डांवर पेनाने भर घालावी.

आयनांच्या सरावासाठी दिलेल्या चकत्या उपयोगी आहेत, पण त्या कधी ठेवायच्या हे ठरवून घ्यायला हवे. सर्वांत जास्त होणारी चूक एकच: अधिकची चकती दिसली की मुले मणी वाढवतात. अधिक म्हणजे जास्त, असे मन चटकन म्हणते. म्हणून चकती आधी ठेवू नये. आधी मणी काढा किंवा वाढवा, मग वाटीतले लाल मणी वजा पाटीवरचे निळे मणी करा, आणि जो आकडा येईल तो प्रभार चकतीने दाखवा. मॅग्नेशियम: लाल १२, निळे १०, फरक अधिक २. ऑक्साइड: लाल ८, निळे १०, फरक उणे २. लाल मण्यांना हात लावायचा नाही, ही अट पहिल्याच दिवशी घालावी. लाल मणी बदलला की मूलद्रव्यच बदलते.

एक सुंदर सराव असा. पाटीवर निऑनची २, ८ रचना लावून ठेवा आणि निळे मणी अजिबात न हलवता वाटीतले लाल मणी ७ पासून १३ पर्यंत एकेकाने वाढवत जा. नायट्राइड, ऑक्साइड, फ्लोराइड, निऑन, सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन, ॲल्युमिनियम आयन. सगळ्यांकडे १० इलेक्ट्रॉन. प्रभार उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत एकेक पायरीने सरकतो. केंद्रकाचा प्रभार वाढतो तसा तेवढ्याच इलेक्ट्रॉनांचा ढग आत ओढला जातो, म्हणून या रांगेत आयनाचा आकार कमी कमी होत जातो. पाटीची वर्तुळे जागची हलत नाहीत, त्यामुळे आकाराची गोष्ट तोंडी सांगावी लागते.

सोडियम आयनावर रिंग ठेवली की ती दुसऱ्या वर्तुळावर येते आणि आत ८ मणी दिसतात. पुस्तिकेत याला "संयुजा इलेक्ट्रॉन ८" म्हटले आहे. बाहेरच्या भरलेल्या कवचात ८ इलेक्ट्रॉन आहेत हे खरे, पण ते आतल्या गाभ्याचे आहेत, देवाणघेवाणीसाठी उपलब्ध नाहीत. आकड्यांतच बघा: सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला साधारण ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, दुसरा काढायला ४५६२. नऊपटींहून अधिक. बंध काढताना सोडियम आयनाचे संयुजा इलेक्ट्रॉन १ वजा १, म्हणजे शून्य धरावेत. क्लोराइडचे मात्र ७ अधिक १, म्हणजे ८, कारण वाढलेला इलेक्ट्रॉन त्याच संयुजा कवचात गेला आहे.

आता वस्तू म्हणून संच कसा आहे ते. पाटी जाड आहे, वाकत नाही. खळगे पुरेसे खोल आहेत. पाटी थोडी कलली तरी मणी जागेवर राहतात, उचलून दुसऱ्या टेबलावर न्यायची असेल तर मात्र आडवीच धरावी. केंद्रकाची वाटी लहान पडते. ८ मिलिमीटरचे मणी असल्याने कॅल्शियमपर्यंत, म्हणजे ४० मण्यांपर्यंत ती पुरते. लोहाला ५६ लागतात, तेव्हा मणी ओघळून पहिल्या वर्तुळात येतात आणि निळ्या मण्यांत मिसळतात. स्कँडियमपासून पुढे करडे मणी वापरूच नयेत, न्यूट्रॉनचा आकडा कागदावर लिहावा. लाल मणी तेवढे ठेवावेत, आयनांच्या वजाबाकीला ते लागतातच.

दुसऱ्या वर्तुळातले ८ खळगे ४५ अंशांवर आहेत, त्यामुळे शेजारचे दोन-दोन खळगे धरून चार काटकोनी दिशांना चार जोड्या नीट दिसतात. रसायनशास्त्रज्ञ लुइस यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या, संज्ञेभोवती संयुजा इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायच्या पद्धतीशी हे जुळते. आधी चारही दिशांना एकेक मणी, पाचव्यापासून जोड्या. कार्बनचे चार मणी चार दिशांना एकटे, नायट्रोजनची एक जोडी आणि तीन एकटे. हे तीन एकटे म्हणजेच त्याचे तीन बंध. तिसऱ्या वर्तुळात ही सोय नाही. १८ खळगे २० अंशांवर आहेत आणि ९० ला २० ने भाग जात नाही, म्हणून चार जोड्या काटकोनात बसूच शकत नाहीत. सिलिकॉन, फॉस्फरस, सल्फर, क्लोरिन यांचे ठिपके दाखवायचे तर वहीवरच काढावेत.

रिंगा हा संचातला सर्वांत कामाचा आणि सर्वांत नाजूक भाग. पातळ प्लास्टिकच्या असल्याने सांध्यापाशी तडकतात. खोक्यात त्या पाटीच्या खाली ठेवायची खाच दिली आहे आणि वजन नेमके त्यांच्यावरच येते. त्या पाटीच्या वर, कार्डांसोबत ठेवाव्यात. तडकल्याच तर जाड रंगीत दोऱ्याचा वेढाही तेच काम करतो. निळे मणी एकाच छटेचे आहेत ही आमची एक खरी तक्रार. दहा-बारा मणी फिकट निळे दिले असते, तर संयुजा इलेक्ट्रॉन रिंगेशिवायही ओळखू आले असते.

मूळ हेतू एकेका अणूचा असला तरी रेणूंच्या मोजणीसाठीही हे मणी वापरता येतात. त्यासाठी पाटी बाजूला ठेवा आणि प्रत्येक अणूचे फक्त संयुजा इलेक्ट्रॉन एका ढिगात काढा. कार्बन डायऑक्साइड: ४ अधिक ६ दुणे १२, एकूण १६. अमोनियम आयन: नायट्रोजनचे ५, चार हायड्रोजनचे ४, आणि अधिक प्रभारासाठी १ वजा, एकूण ८. सल्फेट: ६ अधिक २४, उणे दोन प्रभारासाठी २ वाढवले, एकूण ३२. चाळीस निळ्या मण्यांत हे सगळे बसते. ढिगातून प्रत्येक बंधासाठी दोन मणी उचलायचे, उरलेले बाहेरच्या अणूंवर जोड्यांनी वाटायचे. ढीग संपला आणि सगळ्यांचे अष्टक भरले की रचना बसली. हायड्रोजनला मात्र दोनच. मणी कमी पडत असतील तर बहुतेक वेळा प्रभाराची बेरीज-वजाबाकी उलटी झालेली असते. प्रभार बरोबर असेल तर तिथे दुहेरी बंध हवा, कार्बन डायऑक्साइडमध्ये लागतो तसा.

हाच संच १८ मूलद्रव्यांच्या छोट्या आवृत्तीतही मिळतो. त्यात तीनच वर्तुळे, २, ८, ८ खळग्यांची, आणि कार्डे अरगॉनपर्यंत. इलेक्ट्रॉन मोजायला नुकती सुरुवात करणाऱ्यांसाठी आम्ही तोच सुचवू. त्यात पट्टी लावायची गरज नाही, वाटी भरून वाहत नाही, आणि रिकाम्या खळग्यांवरून संयुजा तिसऱ्या वर्तुळातही बरोबर निघते. मोठा संच घ्यायचा तो उपकवचे आणि संक्रमण मूलद्रव्ये शिकवणाऱ्यांनी, तोही मार्कर हाताशी ठेवून आणि पुस्तिकेतली २१ ते ३० ची ओळ आधी खोडून. आयनिक बंध दाखवायचा असेल तर दोन पाट्या लागतात, एकीवर सोडियम, दुसरीवर क्लोरिन, म्हणजे बाहेरचा मणी खरोखर एका पाटीवरून उचलून दुसरीवर ठेवता येतो. त्यासाठी दोन छोटे संच घेणे एका मोठ्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल.